मायक्रोवेव्हमध्ये शेंगदाणे भाजताना आतून जळतात – मदत हवी आहे

साधा मायक्रोवेव्ह आहे, ८०० वॅटचा, कन्व्हेक्शन नाही. उपवासाच्या साबुदाणा उसळीसाठी दाण्याचा कूट लागतो, त्यासाठी २०० ग्रॅम दाणे काचेच्या सपाट ताटात एकाच थरात पसरून फुल पॉवरवर भाजते. दर मिनिटाला काढून हलवते, कडेचे मधे आणि मधले कडेला.

चौथ्या मिनिटाला वरून दाणे कच्चेच दिसतात, पण एखादा फोडला की दोन्ही पाकळ्यांच्या मधे तपकिरी डाग. आणखी अर्धं मिनिट दिलं की तिथेच काळपट, कूट कडवट. बाहेर काढल्यावरही दाणे आतल्या उष्णतेने भाजत राहतात, म्हणून लगेच थंड ताटात पसरते. गरम असताना मऊच लागतात, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो, हेही धरलेलं आहे. चमचाभर मिठाचं पाणी चोळून पाहिलं. साल छान सुटते, पण मधला डाग तसाच.

६० टक्के पॉवरवर दाणे जास्त सारखे भाजले जातात. मात्र आमच्या खेड्यात शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मग तेवढ्याच वेळात दाणे कच्चे राहतात. स्टॅबिलायझर सध्या घेणं शक्य नाही. कढईत मंद आचेवर जमतं, पण इथे मायक्रोवेव्हचंच विचारतेय.

वरचा रंग भरवशाचा नसेल, तर थांबायची वेळ वासावरून ओळखायची, तडतडण्यावरून, की दर अर्ध्या मिनिटाला दाणा फोडूनच? आणि व्होल्टेज कमी असताना पॉवर वाढवायची की ६० टक्केच ठेवून वेळ वाढवायची?