कृत्रिम रडार प्रतिमांवर शिकवलेलं मॉडेल खऱ्या जहाजांवर चालत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सार, म्हणजे सिंथेटिक अपर्चर रडारच्या प्रतिमांवरून जहाजाचा प्रकार आपोआप ओळखणारं मॉडेल बनवतेय आणि चांगलीच अडकलेय. या विषयात काम केलेलं कुणी असेल तर कृपया मार्ग सुचवा.

सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची दृश्यं एआयएसच्या (जहाजं स्वतःची ओळख आणि जागा प्रसारित करतात त्या यंत्रणेच्या) नोंदींशी जुळवून जहाजांना लेबल लावता येतं. पण त्यात मालवाहू जहाजांचाच भरणा, आणि एकच जहाज सगळ्या दिशांनी बघायला मिळणं तर अशक्यच. म्हणून त्रिमितीय मॉडेलं घेऊन रेसार या सिम्युलेटरमध्ये रे ट्रेसिंगने (किरणांचा मार्ग मोजून) प्रतिमा तयार केल्या. समुद्र सपाट धरला, स्पेकल (रडार प्रतिमेतला दाणेदार गोंगाट) नंतर मिसळला.

कृत्रिम प्रतिमांवर निकाल उत्तम. खऱ्या प्रतिमांवर मात्र टँकरसुद्धा मालवाहू ठरतो. दोन्ही शेजारी ठेवल्या की फरक दिसतो: कृत्रिम टँकरच्या डेकवरची पाइपलाइन सरळ चमकदार रेघ, मागे ब्रिजचा (जहाज चालवण्याच्या उंच कक्षाचा) ठळक पुंजका. खऱ्यात रेघ गायब, पुंजका अझिमथ दिशेला (उपग्रह उडतो त्या दिशेला) भलतीकडेच, आणि तेजस्वी ठिपक्यांतून क्रॉससारखे साइडलोब (ठिपक्याभोवतीच्या खोट्या रेघा).

जहाज डोलल्यामुळे प्रतिमा फासली जाते (पसरट, धूसर होते) का? सिम्युलेशन आणखी बारकाईने करू, की थोड्या खऱ्या प्रतिमा मिसळू? गणनेचा वेळ मर्यादित आहे, म्हणून आधी कशाला हात घालावा ते कळलं तर फार मदत होईल.

प्रतिसाद:

आधी विभेदन (किती बारीक तपशील वेगळा दिसतो ते) बघा. सेंटिनेल-१ च्या आयडब्ल्यू या रुंद पट्टा टिपणाऱ्या मोडमध्ये ते रेंजला (रडार बघतं त्या दिशेला) साधारण ५ आणि अझिमथला २० मीटर असतं. ४० मीटर रुंदीच्या टँकरवरची पाइपलाइन त्यात कशी टिकणार? मॉडेल जर त्या रेघेवरच विसंबायला शिकलं असेल तर खऱ्यावर ते आंधळंच होणार. कृत्रिम प्रतिमा याच विभेदनाला आणा, तेही तीव्रता काढण्याआधी, कॉम्प्लेक्स (तीव्रता आणि फेज दोन्ही असलेल्या) सिग्नलवर. साइडलोब तिथेच येतील.

डोलण्याबद्दल: या मोडमध्ये बीम एका जागेवर सेकंदाच्या अंशभरच असतो, त्यामुळे फासण्यापेक्षा सरकणं जास्त. या उपग्रहासाठी रेंजच्या दिशेने सेकंदाला अर्धा मीटर वेग असला तरी वस्तू अझिमथमध्ये ५०-६० मीटर सरकते. डोलताना ब्रिज डेकपेक्षा वेगाने हलतो, म्हणून तुमचा पुंजका भलतीकडे गेला असावा. प्रत्येक भागाला उंचीनुसार वेग द्या आणि तो दर प्रतिमेत बदला. समुद्रही सपाट ठेवू नका, नाहीतर जहाजाची बाजू आणि पाणी यांच्यातलं दुहेरी परावर्तन फाजील ठळक येतं.

खऱ्या प्रतिमा थोड्या असल्या तरी जरूर मिसळा. फक्त वाटणी जहाजानुसार करा. तेच जहाज प्रशिक्षणात आणि चाचणीतही आलं तर आकडा फसवा येईल.

धागाकर्ती:

मनापासून आभार! वाटणी दृश्यानुसार आहे, ती एमएमएसआय क्रमांकानुसार (एआयएसमधल्या जहाजाच्या ओळख क्रमांकानुसार) आजच बदलते. वेग देताना फक्त रोल (डावी-उजवीकडे डोलणं) पुरेल, की पिच (पुढे-मागे डोलणं) आणि यॉही (नाक डावी-उजवीकडे वळणं) घ्यावं?