8, 4, 4 आणि 3 टीबीच्या डिस्क: वाढवता येईल असं घरगुती स्टोरेज कसं मांडावं?

कुळागर (फोंडा):
जुन्या डेस्कटॉपात 8 ची एक, 4 च्या दोन आणि 3 टीबीची एक म्हातारी, अशा हार्ड डिस्क आहेत. लग्नांचे, जत्रांचे व्हिडिओ आणि फोटो. एकदा टाकले की बदलत नाहीत. पुढे सवडीने एकेक डिस्क वाढवायची आहे, माप सारखं मिळेलच असं नाही. रेड 5 (डिस्क एकत्र बांधून एक गेली तरी डेटा टिकवणारी रचना) करावं, झेडएफएस (असंच काम स्वतः करणारी फाइल व्यवस्था) घ्यावं की आणखी काही? डिस्क जोडायचे साटा पोर्ट चारच, बूट एम.2 खाचेतल्या वेगळ्या एसएसडीवरून होतं.

मांडवीकाठ (पणजी):
रेड 5 नकोच. तिथे प्रत्येक डिस्क सर्वांत लहान डिस्कएवढीच धरली जाते: चारांतून 9 टीबी हाती आणि 8 वाल्यातली 5 टीबी पडून. रेडझेडचा, म्हणजे झेडएफएसमधल्या रेड 5 सारख्या रचनेचा, हिशेबही तोच. ओपनझेडएफएस 2.3 पासून त्यात एकेक डिस्क वाढवता येते खरी, पण लहान डिस्कची अडचण तशीच.

तुमचा डेटा बसून राहणारा, म्हणून खाली स्नॅपरेड (सांगाल तेव्हा पॅरिटी, म्हणजे गेलेली डिस्क परत उभी करायचा हिशेब, लिहिणारा प्रोग्राम), वर मर्जरएफएस (सुट्या डिस्क एकाच फोल्डरसारख्या दाखवणारा). पॅरिटी डिस्क सर्वांत मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी हवी. आज 8 ची पॅरिटीला दिली तर 4+4+3, म्हणजे 11 टीबी. पुढची 12 ची घेतलीत तर तीच पॅरिटीला लावा, 8 ची डेटात आणा, 3 ची काढा: 16 टीबी, आणि पोर्ट चारच. डिस्क गेली तर तिच्यावरच्याच फाइली परत मिळवायच्या. बाकीच्या एक्स्ट4 (लिनक्सची नेहमीची फाइल व्यवस्था) डिस्क कुठल्याही लिनक्सवर सुट्या वाचता येतात.

खोच एकच. सिंक (पॅरिटी ताजी करणं) झाल्यावर एका डिस्कवरची फाइल पुसली आणि पुढच्या सिंकआधी दुसरी डिस्क गेली, तर गेलेल्या डिस्कचा, त्या पुसलेल्या फाइलीच्या ब्लॉकांवर टेकलेला भाग परत येत नाही. त्यामुळे मोठी साफसफाई केली की लगेच सिंक. कंटेंट फाइल (स्नॅपरेडची फाइलींची यादी) दोन-तीन डिस्कवर ठेवा आणि आठवड्याला स्क्रब (साठवलेला डेटा वाचून तपासणं) लावा.

सातेरी (म्हापसा):
12 ची घेताना सीएमआर (शेजारचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) बघून घ्या. पॅरिटीला एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, पुन्हा लिहिताना संथ) नको. डेटा टाकण्याआधी रिकाम्या डिस्कवर बॅडब्लॉक्स (खराब जागा शोधणारा प्रोग्राम) -w देऊन चालवा (डिस्कवरचं सगळं पुसतं), ब्लॉक आकार 4096 देऊन. मूळच्या 1024 वर 12 टीबी घेतच नाही. पाच-सहा दिवस खाईल, खाऊ द्या. स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे) 5, 197, 198 क्रमांकाचे, म्हणजे खराब जागांचे, आकडे वाढले तर डिस्क परत करा. 199, म्हणजे केबलवरून येताना झालेल्या चुकांचा, वाढला तर आधी केबल बदला. इथल्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टर काळवंडतात. मोलेक्सवरून साटा करणाऱ्या साच्यात ओतलेल्या स्वस्त जोडण्या टाळा, त्या आतून शॉर्ट होऊन जळतात.

कुळागर:
12 ची घेतो. घरी इन्व्हर्टर आहेच, यूपीएस वेगळा लागेल का?

सातेरी:
हो, यूएसबी पोर्टवाला घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली हे कॉम्प्युटरला कळत नाही. यूपीएस एनयूटीला (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) सांगतो आणि मशीन स्वतःहून बंद होतं. स्नॅपरेडमध्ये ऑटोसेव्ह 500 ठेवा, म्हणजे दर 500 जीबीनंतर नोंद होते आणि अर्धवट सिंक पहिल्यापासून करावं लागत नाही. मे अखेरीला गडगडाट सुरू झाला की मोडेमकडून येणारी लॅन केबलही उपटा. यूपीएस विजेच्याच वाटेवर पहारा देतो.

मांडवीकाठ:
आणि निघालेली 3 ची भंगारात नको. चाचणीत टिकली तर निवडक फोटो तिच्यावर घालून दुसऱ्या घरी ठेवा. पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे.