शब्दचर्चा : ‘संयुक्त आढावा’ की ‘नूतनीकरण’?

प्रश्न : अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या व्यापार कराराबद्दल (यूएसएमसीए) मराठीत कुठे ‘नूतनीकरण’ लिहितात, कुठे ‘फेरवाटाघाटी’, तर कुठे थेट ‘करार संपणार’. तिन्हींचा रोख 1 जुलै 2026 या तारखेकडेच असतो. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद 1 : ‘संयुक्त आढावा’. कलम 34.7 मध्ये तेच आहे. करार 1 जुलै 2020 ला लागू झाला, मुदत 16 वर्षांची, म्हणजे 2036 पर्यंत. सहाव्या वर्षपूर्तीला तिघांनी एकत्र आढावा घ्यायचा आणि आणखी 16 वर्षे हवीत का, हे प्रत्येक सरकारप्रमुखाने लेखी कळवायचे. तिघांचा होकार आला की मुदत वाढते. एकाने जरी हात आखडता घेतला तरी करार मोडत नाही. मग उरलेल्या मुदतीत दरवर्षी आढावा बसतो आणि त्यात केव्हाही एकमत झाले तर मुदतवाढ मिळते. ‘नूतनीकरण’ म्हटले की गाडीच्या विम्यासारखे वाटते, तारीख चुकली की संरक्षण गेले. इथे तसे काही नाही.

प्रतिसाद 2 : ‘माघार’ हा शब्दही वेगळा ठेवा. ते कलम 34.6. सहा महिन्यांची लेखी सूचना देऊन कोणीही बाहेर पडू शकतो आणि उरलेल्या दोघांत करार चालू राहतो. आढाव्यात होकार न देणे म्हणजे माघार नव्हे. बातम्यांत सर्वात जास्त गल्लत इथेच होते. बाकी 34.7 साठी ‘सूर्यास्त कलम’ ऐकायला छान आहे, पण ‘मुदत-कलम’ पटकन कळते.

प्रतिसाद 3 : याला ‘मुक्त व्यापार करार’ म्हणावे का? याआधीच्या, 1994 च्या नाफ्ता कराराच्या नावातच ‘मुक्त व्यापार’ होते, नव्या नावातून ते गेले. शिवाय प्रत्येक देश आपले नाव आधी लावतो, मेक्सिकोत तर ‘टी-मेक’ म्हणतात. वर्णन म्हणून ‘मुक्त व्यापार’ चालेल, नाव म्हणून नको. आणि ‘तह’ तर नकोच. अमेरिकेत हा सेनेटच्या दोन-तृतीयांश मतांनी नव्हे, तर दोन्ही सभागृहांत साध्या कायद्यासारखा मंजूर झाला.

प्रतिसाद 4 : आढाव्यात खरी ओढाताण ‘उगम नियमां’वर, म्हणजे कोणता माल सवलतीसाठी इथला धरायचा यावर आहे, म्हणून तो शब्द नीट समजायला हवा. ‘मूळ देशाचे नियम’ लिहिले की माल एकाच देशाचा असावा असे वाटते. इथे तिन्ही देश मिळून एक प्रदेश धरला जातो. मोटारीच्या निव्वळ खर्चात किमान 75 टक्के ‘प्रादेशिक मूल्यांश’, म्हणजे या प्रदेशातला वाटा, लागतो (नाफ्तात 62.5 होता). शिवाय 40 टक्के मूल्य ताशी सरासरी किमान 16 डॉलर मजुरीच्या कामातून यावे लागते, आणि 70 टक्के पोलाद व ॲल्युमिनियम याच प्रदेशातले.

हिशेब : मोटारीचा निव्वळ खर्च 30,000 डॉलर. इंजिन 4,000 चे, त्यात 800 चा माल बाहेरचा. इतर बाहेरचा माल 7,000 चा. इंजिन स्वतः प्रादेशिक मूल्यांशाच्या कसोटीला उतरले असेल तर ते पूर्णच प्रादेशिक धरायचे का? धरले तर बाहेरचे फक्त 7,000, मूल्यांश 76.7 टक्के. इंजिनातले 800 पुन्हा मोजले तर 7,800, मूल्यांश 74, आणि मोटार नापास. मग करारातली शुल्कसवलत जाते.

प्रतिसाद 5 : अमेरिकेशी झालेला हा वाद लवादापर्यंत गेला होता. जानेवारी 2023 मध्ये जाहीर झालेल्या निवाड्यात मेक्सिको-कॅनडाचे म्हणणे मान्य झाले : कसोटीला उतरलेला गाभ्याचा भाग (इंजिनासारखा) पूर्ण प्रादेशिक धरायचा. म्हणून या पद्धतीला ‘पूर्णगणना’ म्हणावे. ‘गुंडाळणी’ असाही शब्द वाचनात आला. त्याने काहीच बोध होत नाही.

प्रतिसाद 6 : ‘पूर्णगणना’ चालेल, मात्र पहिल्या वापराला कंसात ‘रोल-अप’ द्या.