घडी, दुमड आणि वळ : ओरिगामीसाठी मराठी शब्द

कागदहोडी : दर शनिवारी वाचनालयात मुलांना ओरिगामी शिकवते. 'घडी घाल' त्यांना कळतं. पण घडी उलगडल्यावर कागदावर जी रेघ उरते तिला मी 'क्रीज' म्हणते, आणि ते मनाला खटकतं. 'चुणी' चालेल का? शिवाय घडीची धार डोंगरासारखी वर येते तो 'माउंटन फोल्ड' आणि दरीसारखी खाली जाते तो 'व्हॅली फोल्ड', यांचं काय करावं?

अक्षरवेल : ताई, चुणी नको. ती कापडाची, फ्रॉकला मुद्दाम घातलेली किंवा बसून बसून साडीला पडलेली. घडीत पदरावर पदर नीट बसतो, म्हणून तर नवी साडी पहिल्यांदा नेसली की आपण 'घडी मोडली' म्हणतो आणि पोळीही घडीची करतो. पानाचा कोपरा दुमडतो, शिवताना कड मुडपतो. मुलांना सांगून पाहा : कोपरा दुमड, कड मुडप, मधोमध घडी घाल. तीन हालचाली, तीन शब्द, सगळे घरातले!

सातपदर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जपानीतच आहे. तिथे 'यामाओरी' आणि 'तानीओरी' म्हणतात. यामा म्हणजे डोंगर, तानी म्हणजे दरी. मग सरळ डोंगरघडी आणि दरीघडी म्हणा, इंग्रजीचा वळसा कशाला? जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांनी 1954च्या पुस्तकात खुणांची जी पद्धत मांडली, तिच्यावरून आजच्या आकृत्या आल्या. त्यांत दरीघडीला नुसती तुटक रेघ, डोंगरघडीला तुटक रेघ आणि टिंबं. 'ओरिगामी' हा शब्दही 'ओरु' (दुमडणे) आणि 'कामी' (कागद) यांचा. जोडताना 'का'चा 'गा' झाला. वाक् + ईश = वागीश होतं तसंच काहीसं, नियम वेगळा असला तरी.

अक्षरवेल : क्रीजसाठी 'वळ' सुचवते. घट्ट दोरी सोडल्यावर मनगटावर उरतो तो. नखाने दाबलेल्या घडीत कागदाचे तंतू मोडतात, म्हणून ती खूण पुसली जात नाही.

सातपदर : मुलांना वळ म्हटलं की छडी आठवेल. मी 'घडीखूण' म्हणेन.

कागदहोडी : आमच्या मुलांनी छडी पाहिलेली नाही, तेव्हा मी 'वळ' घेते. पुढच्या शनिवारी मिउरा घडी आहे, जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांच्या नावाची. 1995 साली जपानच्या एका उपग्रहावर सौरपटल याच पद्धतीने उलगडलं होतं. डोंगर, दरी, डोंगर, दरी असे आधी सगळे वळ पाडून घ्यायचे. मग समोरासमोरचे दोन कोपरे ओढले की अख्खा कागद एका दमात उघडतो.