बुवा रांगेत उभा राहत नाही

निपाणीचा आबा
काल एका गटात पोस्ट वाचली. "जत्रेत पोरांना जादू बघायला नेऊ नका. सगळ्या युक्त्या यूट्यूबवर पाच मिनिटांत कळतात. आज जादूगाराला टाळ्या वाजवणारं पोर उद्या बुवाच्या पायावर डोकं ठेवणार." खाली अंगठ्यांची ही रांग. डोकं फिरलं, म्हणून जरा लांब लिहितोय.

१९७२ च्या दुष्काळात मी दुसरीत होतो. गल्लीच्या नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढी धार. तंबाखूचे पैसे हातात आले की निपाणीत तंबू लागायचे, त्या साली एक जादूगार आला. खेळ सुरू करतानाच त्यानं पितळी लोटा बादलीत उपडा केला, शेवटचा थेंब झटकला आणि बाजूला ठेवला. मग पत्ते, रुमाल, कबूतर. मधेच आठवण झाल्यासारखा वळायचा, लोटा उचलायचा आणि पुन्हा भडाभडा पाणी ओतायचा. असं सात-आठ वेळा. बाकीचा खेळ पुसला गेलाय, लोटा गेला नाही. घरी सांगितलं तर आज्जी भाकरी थापता थापता म्हणाली, "दोन दिवसांसाठी मागून आण की रे." थट्टेनं नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खरंच निघालो. तंबूपर्यंत जावंच लागलं नाही. जादूगार बनियनवर, हातात घागर, आमच्याच नळाच्या रांगेत माझ्या आईच्या मागं चौथा! मला तिथंच कळलं, हा बुवा नव्हे. बुवा रांगेत उभा राहत नाही. आणि संध्याकाळी मी पुन्हा तंबूत गेलो, लोटा पुन्हा भरला, माझं तोंड पुन्हा उघडंच.

टिळकवाडीचा चिकित्सक
ती पोस्ट माझी. छान गोष्ट आहे आबा, पण गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. तो लोटा दुहेरी भिंतीचा असतो. पाणी दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत. काठाजवळच्या बारीक भोकावर बोट ठेवलं की हवा आत जात नाही, पाणी अडकतं. बोट काढलं की ते हळूहळू आतल्या भांड्यात झिरपतं. स्ट्रॉचं वरचं टोक दाबून सरबत उचलता तेच. बुवांची पोतडीही अशीच. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलं की काडी न लावता होम पेटतो. १९७६ साली बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू एच. नरसिंहय्यांनी चमत्कार तपासायला समिती नेमली ती उगीच? दाभोलकरांचे कार्यकर्ते गावोगाव हे प्रयोग करून दाखवायचे आणि लगेच उलगडायचे. न उलगडता सोडणं म्हणजे अर्धी फसवणूक.

खानापूरची लेक
कुणी विचारलं होतं का हो तुम्हाला? पन्नास वर्षं त्या माणसानं जपलेला लोटा चार ओळींत फोडलात.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मला स्टेजवर बोलावून पेटीत झोपवलं होतं. कापायच्या आधी जादूगार कानात काहीतरी पुटपुटला. काय ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, नवरा अजून विचारतो. घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्याच्याकडं आहेत, एवढी एक माझ्याकडं.

आणि अडाणी लोकच फसतात म्हणू नका. १९५६ साली बीबीसीवर जादूगार पी. सी. सरकारांनी मुलगी कापली, ती उठायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली. मुलगी मेली की काय म्हणून फोन करकरून लोकांनी लाइनी जाम केल्या. ते जत्रेतले नव्हते.

येळ्ळूरचा वाघ
सगळं ठीक आहे. जादूगार बोलत कुठल्या भाषेत होता, ते आधी सांगा.

निपाणीचा आबा
मिसळ. निपाणीत सगळेच मिसळ बोलतात.

येळ्ळूरचा वाघ
तीच तर बोंब! गेल्या वर्षी तंबू आला, फलक बघितलात? ६० टक्के कन्नडचा नियम दुकानांना आहे हे माहीत होतं, आता अदृश्य होणाऱ्या मुलीलाही लागू. मराठी खाली मुंगीएवढी. आत तासभर एक मराठी वाक्य नाही. आमची पोरं टाळ्या वाजवतात ती कशाला, कळलं म्हणून की बाकीचे वाजवतात म्हणून?

शहापूरचा माग
अवो वाघ, जादूलापण सीमाप्रश्न? बास की आता. मी पाच वर्षांचा असताना जादूगारानं "ओंदु, एरडु, मूरु" म्हटलं आणि मूरुला टोपीतनं पारवा उडाला. आमच्या घरात मराठीच, कन्नड मला ओ की ठो येत नव्हतं. पण आजपण बसमध्ये कुणी मूरु म्हटलं की माझी मान वर जातीया.

येळ्ळूरचा वाघ
म्हणजे "तीन" म्हटल्यावर काहीच उडत नाही. याच्यासाठी आमच्या वडलांनी सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्या?

शहापूरचा माग
वडलांना मधे आणू नका. माझेपण तुरुंगात होते. ते सुटून आले तेव्हा जेलर कन्नडमध्ये शिव्या कसा द्यायचा याची नक्कल करून आम्हाला हसवायचे. भाषेवर राग नव्हता त्यांचा.

येळ्ळूरचा वाघ
माझापण भाषेवर नाही, फलकावर आहे. नीट वाचत जा.

खानापूरची लेक
धागा जादूचा आहे ना? वाघोबा, तुम्ही स्वतःच तो गायब केलात. टाळ्या.

सौंदत्तीच्या वाटेवर
एक राहिलंच. माझ्या आज्जानं यल्लम्माच्या यात्रेत दोरीचा खेळ डोळ्यांनी बघितलाय. दोरी उभी राहिली, पोरगं वर चढलं, गायब झालं. याला कुठली दुहेरी भिंत?

टिळकवाडीचा चिकित्सक
पोरगं दोरीवर चढून गायब, ही गोष्ट जगभर झाली ती १८९० साली शिकागो ट्रिब्यूनमध्ये आलेल्या बातमीनं. पुढं त्याच पेपरनं छापलं की ती रचलेली होती. १९३४ साली लंडनच्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेनं करून दाखवणाऱ्याला ५०० गिनी देऊ केल्या. कुणी नेल्या नाहीत.

सौंदत्तीच्या वाटेवर
माझा आज्जा शिकागोचा पेपर घेत नव्हता. खोटारडा म्हणायचं असेल तर सरळ म्हणा.

टिळकवाडीचा चिकित्सक
म्हणत नाही. लहानपणी पाहिलेलं दर वेळी सांगताना थोडं उंच होतं, दोरीसारखं. एवढंच.

सौंदत्तीच्या वाटेवर
हे गोड बोलून खोटारडा म्हणणं झालं.

उचगावचा मास्तर
दोघांनाही नावडणारं सांगतो. मी आठवीला हवेचा दाब शिकवतो. तसला लोटा माझ्याकडं आहे, बेळगावच्या एका भांडेवाल्याकडनं डाग मारून करून घेतला. आधीच्या वर्षी चिकित्सकांसारखं आधी उलगडून मग दाखवायचो. पोरं जांभया द्यायची. आता सोमवारी फक्त ओततो आणि गप्प बसतो. मंगळवार, बुधवार पोरं भांडतात. लोट्यात बर्फ आहे, टेबलाखाली नळी आहे, मास्तरच्या बाहीत फुगा आहे. शुक्रवारी लोटा त्यांच्या हातात. भोक शोधून बोट ठेवायला शिकलेलं पोर घरी जाऊन आईला खेळ दाखवतं, आणि आईला सांगत मात्र नाही! म्हणजे उलगडायला पाहिजे हे चिकित्सकांचं बरोबर. सोमवारी उलगडायचं हे चूक.

टिळकवाडीचा चिकित्सक
चला, शुक्रवारपुरता तरी मी बरोबर. उपकार झाले. पण बुवा शुक्रवार कधीच येऊ देत नाही, माझं म्हणणं तेवढंच होतं. पोस्टमध्ये "जादूगार" लिहिलं तिथं "बुवा" लिहायला हवं होतं, हे मान्य. आबांच्या नळाच्या रांगेमुळं मान्य, बाकी कुणामुळं नाही.

निपाणीचा आबा
मान्य केलंत तर लोट्याचा उलगडा पुसून टाका.

टिळकवाडीचा चिकित्सक
ते होणार नाही. भाचीला मात्र रविवारी तंबूत नेतोय. लोटा निघाला तर शुक्रवारपर्यंत तोंड बंद ठेवीन.

येळ्ळूरचा वाघ
फलकाचा फोटो टाका.