मायक्रोबायोलॉजी आणि इम्युनॉलॉजी : एकत्रित पदव्युत्तर अभ्यासक्रमाबाबत सल्ला हवा आहे

प्रश्न

नमस्कार. मी मायक्रोबायोलॉजीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे निव्वळ मायक्रोबायोलॉजी घ्यावी की मायक्रोबायोलॉजी व इम्युनॉलॉजी असा एकत्रित अभ्यासक्रम, याचा निर्णय होत नाही. जिवाणू वाढवणे, ग्रॅम रंजन, जैवरासायनिक चाचण्या यांत हात बसला आहे. इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशास्त्र) मात्र एकाच सत्रात उरकली गेली आणि सायटोकाइनांची, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांची, नावे पाठ करण्यापलीकडे माझी मजल गेली नाही. एकत्रित अभ्यासक्रमात दोन्ही विषय अर्धवट राहतील, अशी भीती वाटते. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

संसर्गजन्य रोगांमध्ये रस असेल, तर एकत्रित अभ्यासक्रमच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू जाहीर केला ते वर्ष १८८२; त्याच वर्षी इम्युनॉलॉजीचे एक आद्य प्रवर्तक मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या अळीत टोचलेल्या काट्याभोवती भक्षक पेशी गोळा होताना पाहिल्या. क्षयाचा जिवाणू ज्या पेशीने त्याला गिळून पचवायचे त्या मॅक्रोफेजमध्येच तग धरतो, कारण त्याला वेढणाऱ्या पुटिकेचा लायसोसोमशी (पेशीतील पाचक विकरांच्या पिशवीशी) होणारा संयोग तो अडवतो. या एका घटनेचा अभ्यास करताना जिवाणूचे शास्त्र कोठे संपते आणि यजमानाचे कोठे सुरू होते, हे मला आजही सांगता येत नाही.

आपला हात जिवाणूंवर बसला आहे, ही उणीव नसून भांडवल आहे. ई. कोलायमध्ये तयार केलेले प्रथिन मॅक्रोफेजवर टाकले आणि टीएनएफ हे दाह वाढवणारे सायटोकाइन भरपूर वाढले, म्हणून मी एकदा फार आनंदलो होतो. प्रत्यक्षात तो परिणाम प्रथिनासोबत आलेल्या एंडोटॉक्सिनचा होता, आणि हे कळेपर्यंत तीन महिने गेले होते. ई. कोलायसारख्या ग्रॅम ऋण जिवाणूच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच हे एंडोटॉक्सिन, असते हे मला पाठ होते, पण ते प्रयोगाच्या वेळी आठवले नाही. पेशीसंवर्धनात शिरणाऱ्या मायकोप्लाझ्माचेही तसेच आहे : त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनचा त्यावर काहीही परिणाम होत नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी मी अंशतः असहमत आहे. प्रश्नकर्त्यांचा ओढा किण्वन, माती किंवा सांडपाण्यातील सूक्ष्मजीवांकडे असेल, तर निव्वळ मायक्रोबायोलॉजीच योग्य ठरेल; तेथे सूक्ष्मजीवांची परिसंस्था आणि चयापचय यांना पुरेसा वेळ मिळणे महत्त्वाचे आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. माझा ओढा रोगकारक जिवाणूंकडेच आहे. मग प्रबंध असलेला अभ्यासक्रम घ्यावा का, आणि प्रयोगशाळा कशी पारखावी?

प्रतिसाद १

पुढे संशोधनात राहण्याचा विचार असेल, तर प्रबंध अवश्य असावा. मार्गदर्शकांच्या नावलौकिकापेक्षा तेथे आता काम करणाऱ्या विद्यार्थ्यांशी केलेले अर्ध्या तासाचे बोलणे अधिक उपयोगी पडते. फ्लो सायटोमीटर (चमकणारे रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारे यंत्र) आहे का, एवढेच विचारून थांबू नका. विद्यार्थ्याला तो स्वतः चालवू देतात का आणि एकेका रंगाची स्वतंत्र नियंत्रणे लावून कंपेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्यात मिसळलेला प्रकाश वजा करणे) करायला कोण शिकवते, हेही विचारा. फसलेल्या प्रयोगांची चर्चा साप्ताहिक बैठकीत मोकळेपणाने होते का, हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

संख्याशास्त्र टाळू नका. एकाच संवर्धनातून भरलेल्या तबकडीतील तीन वेल्स (खळगे) म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत; ही चूक मी अनेक प्रबंधांत पाहिली आहे.

सुट्टीत सायटोकाइनांची यादी बाजूला ठेवून प्रतिजन सादरीकरणापासून वाचायला सुरुवात करा. टी पेशी विषाणूचा अंश सुटा ओळखत नाही, तो स्वतःच्या एमएचसी रेणूवर (पेशीच्या पृष्ठभागावर असे अंश मांडणाऱ्या प्रथिनावर) मांडलेला असावा लागतो, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवले. तो प्रयोग स्वतः कागदावर मांडून पाहा : उंदरांचे कोणते वाण, कोणत्या संसर्गित पेशी, आणि कोणत्या जोडीत पेशी मारल्या गेल्या. अडल्यास येथेच लिहा, मी उत्तर देईन.