शब्दचर्चा : चपट्या शेवंडीला मराठीत काय म्हणावं?

खानापूर, शिक्षिका

रविवारी बेळगावला मासळी घ्यायला गेले होते. कारवारहून आलेल्या पेटीत कोळंबीच्या खाली, बर्फात, एक कधी न पाहिलेला जीव होता. तळहाताएवढा, तपकिरी, वरून पाटा ठेवून दाबावा तसा चपटा. नांग्या नाहीत, लांब मिशा नाहीत, डोक्यापुढे दोन रुंद पाकळ्या तेवढ्या. डोळे कवचाच्या अगदी दोन कोपऱ्यांना. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “शेवंडच ती, चपटी.” शेजारचं कानडी गिऱ्हाईक म्हणालं, “एडी.” माझा मुलगा म्हणाला, “खेकडा.”

इंग्रजीत याला स्लिपर लॉबस्टर म्हणतात. मी नववीला विज्ञान शिकवते, आणि फळ्यावर ‘चप्पल-लॉबस्टर’ लिहायला हात धजत नाही. आपला शब्द कुठला? आणि तिघांपैकी बरोबर कोण?

निपाणी

आमच्याकडं समुद्र येतो तो वाळूनच. आठवडी बाजारात सुकट, बोंबील, सोडे. ओलं म्हणाल तर ओढ्यातला खेकडा. त्यामुळं दहा पायाचं काही दिसलं की तोंडात ‘खेकडा’च येतंय बघा. मुलाचं काही चुकलं नाही.

बेळगाव, माहेर वेंगुर्ला

माहेरी हे शब्द कधी एकमेकांत मिसळत नाहीत. कुर्ली ती कुर्ली, सुंगटां ती सुंगटां, आणि शेवंड म्हणजे काटेरी लांब मिशांची. मुंबईकडे कुर्लीची चिंबोरी होते, सुंगटांची कोळंबी, पण शेवंड सगळीकडे शेवंडच राहते, हे मला फार आवडतं.

सासरी मात्र पहिल्याच महिन्यात घोटाळा झाला. शेजारच्या कानडी आजींनी विचारलं, घरी सिगडी आणली का? मी त्यांना कोळशाची शेगडी दाखवली. त्या कोळंबीबद्दल विचारत होत्या! कानडीत कोळंबीला सीगडी म्हणतात. ‘एडी’ म्हणजे कानडीत खेकडा, त्यामुळे तुमच्या मुलाचं आणि त्या गिऱ्हाइकाचं उत्तर एकच आहे. उत्तरं तीन नव्हेत, दोनच.

चंदगड रस्ता, निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र

मावशी बरोबर आहेत, आणि त्या किती नेमक्या बरोबर आहेत ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

कोळंबी, खेकडा, शेवंड, निपाणीकरांच्या सुकटीतला जवळा, सगळे दशपाद कवचधारी, म्हणून लांबचे भाऊबंद. पण इंग्रजीतला ‘लॉबस्टर’ हा शब्द फार सैल आहे. चित्रांत दोन दांडग्या नांग्यांचा लॉबस्टर दिसतो तो अटलांटिकचा, त्याचं घराणं वेगळं. आपल्या कोकण किनाऱ्यावर जाळ्यात येणाऱ्या शेवंडीला तशा नांग्या नसतात. काटेरी शेवंड आणि तुम्ही पाहिलेली चपटी, या दोन कुळांना शास्त्रज्ञ एकाच गटात ठेवतात. गटाचं नाव अकेलाटा, म्हणजे ‘नांगी नसलेल्या’. त्या गटाची सीमा आणि मराठी ‘शेवंड’ या शब्दाची सीमा जवळजवळ एकच आहे. इंग्रजी शब्द जिथे दोन घराणी एका पोत्यात घालतो, तिथे कोळणीचा शब्द ती वेगळी ठेवतो. तेव्हा ‘शेवंड’ सोडून ‘लॉबस्टर’ला शेपूट जोडण्याचं काहीच कारण नाही.

आता त्या पाकळ्या. या प्राण्यांना मिशांच्या दोन जोड्या असतात. पहिली जोडी बारीक, वास घेणारी. दुसरी जोडी काटेरी शेवंडीत अंगापेक्षा लांब चाबकासारखी होते, चपटीत तीच आखूड आणि पसरट. म्हणजे चपटीला मिशा नाहीत असं नाही, मिशांच्याच पाकळ्या झाल्या आहेत. दिवसा ती वाळूत-चिखलात अंग पुरून बसते, रात्री निघते. शिंपल्यांवर जगते, पायांची टोकं फटीत घालून शिंपला उघडते. घाबरली की शेपटी पोटाखाली झटकून मागच्या मागे पळते. खेकड्याला हे जमत नाही, कारण त्याची शेपटी पोटाखाली दुमडून झाकण झालेली.

दोन्ही शेवंडींच्या नात्याचा खरा दाखला पिल्लात आहे. अंड्यातून निघतो तो डिंभ पानासारखा चपटा आणि काचेसारखा आरपार असतो. शास्त्रीय नाव फायलोसोमा, ग्रीक अर्थ ‘पान-देह’. चपटीच्या काही जातींचे डिंभ जेलीफिशच्या पाठीवर बसून प्रवास करतात. कोळंबीचा किंवा खेकड्याचा डिंभ असा कधीच नसतो.

खानापूर, शिक्षिका

सर, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या भातखाचरातल्या खेकडीच्या पोटाखालचं झाकण उघडलं की आत पिल्लं वळवळताना दिसतात, आणि ती हुबेहूब छोटे खेकडेच असतात. मग त्यांना डिंभावस्था नाहीच का?

चंदगड रस्ता, निवृत्त प्राध्यापक

पाण्यात पोहणारी नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची ती अवस्था अंड्यातच आटपते. डिंभ सोडला तर ओढा त्याला वाहून नेईल, म्हणून मादी तयार पिल्लं पोटाखाली सांभाळते. तुमच्या वर्गातली मुलं हे बांधावर बघू शकतात, त्यांना जरूर दाखवा. आणि नावाचीही गंमत सांगा: दख्खनच्या एका खेकड्याला १८३६ साली ‘क्युनिक्युलॅरिस’ असं नाव दिलं गेलं. लॅटिन ‘क्युनिक्युलस’ म्हणजे ससा आणि त्याचं बीळही. बांध पोखरणारा, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी लॅटिनमध्ये सांगायची गरज नव्हती.

बेळगाव, माहेर वेंगुर्ला

‘नांगी’वरून आठवलं. माहेरी कुर्लीचे ‘डेंगे’ म्हणतात. नांगी म्हटलं की आधी विंचूच डोळ्यांपुढे येतो.

पुणे, मूळ गाव चिकोडी

चप्पल हा शब्द इतका वाईट नाही हो. जपानीत या कुळातल्या एकीला ‘झोरी-एबी’ म्हणतात, झोरी म्हणजे त्यांची सपाट चप्पल, एबी म्हणजे कोळंबी. दुसरीला ‘उचिवा-एबी’, म्हणजे हातपंखा-कोळंबी. फ्रेंचमध्ये ‘समुद्रातली सिकाडा’, सिकाडा म्हणजे झाडावर किर्र करणारा किडा, आणि ऑस्ट्रेलियात चक्क ‘बग’, म्हणजे किडाच. ज्याला जे दिसलं ते.

खानापूर, शिक्षिका

पण झोरी जपान्यांच्या पायातली आहे. त्यांनी आपल्या घरातली वस्तू बघून नाव दिलं. आपण इंग्रजीतली चप्पल उचलून आणायची, तेही ‘शेवंड’ हाताशी असताना, हे मला पटत नाही. मी फळ्यावर ‘चपटी शेवंड’ लिहिणार. फायलोसोमाला ‘पानडिंभ’ चालेल का?

चंदगड रस्ता, निवृत्त प्राध्यापक

उत्तम चालेल. आणखी एक गोष्ट मुलांना सांगा. मुंबईच्या समुद्रात हीच चपटी शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यात भरपूर यायची. १९९४ पर्यंत तिची तिथली मासेमारी कोसळली. मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही, पोटाखाली घेऊन फिरते. त्यामुळे जाळ्यात एक मादी आली की तिच्याबरोबर हजारो पिल्लं जातात. २००३ पासून निर्यातीसाठी किमान १५० ग्रॅम वजनाची अट आहे.

खानापूर, शिक्षिका

त्या पेटीतलीच्या पोटाखाली नारिंगी दाण्यांचा घोस होता. मावशी त्याला गाबोळी म्हणाल्या आणि त्याचे पैसे वेगळे सांगितले. मी घेतली नाही. ती मला परवडणारी नव्हती म्हणून, तेव्हा हे ठाऊक नव्हतं.

निपाणी

पुढच्या वेळी फोटो काढून टाका, बाई. आम्ही अजून एकदाही बघितलेली नाही.